एकच खिडकी असलेली बस

काचेच्या कारखान्याबद्दल हळूकाकांना काहीही विचारावं. फाटकाचा डावा पल्ला अडकतो, तो खांद्याने ढकलावा लागतो. पार्किंगमध्ये सकाळी सावली भिंतीच्या बाजूला असते आणि दुपारनंतर ती पाण्याच्या टाकीकडे सरकते, म्हणून शहाण्या माणसाने बस आधीच टाकीकडे लावावी. तिथली तपकिरी कुत्री स्वभावाने गरीब आहे, फक्त तिच्या झोपेच्या वेळी हॉर्न वाजवू नये. हे सगळं ऐकून कुणी विचारलं, "आणि कारखान्यात आत काय असतं हो?" की काका डोकं खाजवत म्हणायचे, "आत काच असणार. मुलं बाहेर येताना फार जपून चालायची."

काका शाळेच्या बसचे ड्रायव्हर. सहलीत मुलं आत जातात, बाई आत जातात, बाईंची पर्ससुद्धा आत जाते. ड्रायव्हर तेवढा बसपाशी थांबतो. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण नियम न करता पाळले जातात तेच नियम जास्त टिकतात. त्यामुळे काकांनी उभ्या आयुष्यात मुलांना धरण, छापखाना, संग्रहालय, तारांगण अशी एकेक आश्चर्यं दाखवायला नेली आणि स्वतः त्या सगळ्या आश्चर्यांची पार्किंगं तेवढी पाहिली. तारांगणाच्या पार्किंगमधून तारे दिसत नाहीत. दिवसा तर मुळीच नाहीत.

हळूकाका हे नाव मुलांनीच ठेवलेलं. खड्डा दिसायच्या आधी काकांना त्याचा वास यायचा आणि बस अशी काही मवाळ व्हायची की सायकलवाले घंटी वाजवत पुढे निघून जायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "काका, गोगलगाय पुढे गेली बघा आपल्या!" काका आरशात बघून म्हणायचे, "जाऊ दे. तिच्या पाठीवर तुम्ही नाही ना."

पुढे काळ बदलला. गावातली मुलं मोठमोठ्या शाळांत गेली आणि या शाळेने दूरच्या मुलांना शिकवायचं ठरवलं. कुणी खाणीच्या वस्तीवर राहणारं, कुणाचे आईवडील कायम फिरतीवर, कुणी आजारपणाने अंथरुणाला खिळलेलं. ज्यांना शाळेत येता येत नाही, त्यांच्याकडे शाळा मोबाइलमधून जाऊ लागली. साहजिकच बस विकली गेली. काकांना मात्र मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, कामावरून काढलं नाही. "बघू, काहीतरी काम निघेल," त्या म्हणाल्या. आणि काम निघालंही. रिकाम्या वर्गांतल्या खुर्च्या एका खोलीतून दुसरीत न्यायच्या आणि रंगारी आला की पुन्हा पहिलीत आणायच्या. शाळेत आता सहलीला जायच्या त्या खुर्च्या.

अशात भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात आलं की घरबसल्या मुलांनाही सहलीला न्यावं. एकाने मोबाइल घेऊन त्या ठिकाणी फिरायचं, मुलांनी आपापल्या पडद्यावर बघायचं आणि बाईंनी शाळेत संगणकापाशी बसून शिकवायचं, प्रश्न घ्यायचे, गोंगाट आवरायचा. प्रश्न एवढाच उरला की फिरायचं कुणी.

"काका आहेत की!" बाई म्हणाल्या.

"मी? आत?"

"आत नाही तर काय बाहेर? बाहेर काय बघायचंय?"

"बाहेरही पुष्कळ असतं बघण्यासारखं," काका पुटपुटले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लग्नाच्या वेळीही एवढ्या झाल्या नव्हत्या, असं ते घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या.

पहिली सहल निघाली ती काचेच्या कारखान्यात. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सुरुवात त्यांनी अर्थातच पार्किंगपासून केली. अडकणारा पल्ला दाखवला, टाकी दाखवली, तपकिरी कुत्रीची ओळख करून दिली. मुलं खूश, कुत्रीही खूश. बाईंनी घड्याळाकडे बघत "काका, आता आत," असं दोनदा म्हटलं तेव्हा काका एकदाचे आत शिरले. आणि तिथेच घात झाला.

भट्टीचं तोंड उघडलं. एका कारागिराने लांब नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा तांबूस गोळा घेतला, दुसऱ्या टोकाने फुंकर मारली, आणि तो गोळा फुगायला लागला. काका बघतच राहिले. इतकी वर्षं आपण भिंतीपलीकडे बसून डबा खात होतो आणि इथे माणसं विस्तवात फुंकर मारून बरण्या करत होती! तोंडात बोट घालायला हात मोकळा हवा, म्हणून म्हणा किंवा देहभान सुटलं म्हणून म्हणा, मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला तो आलाच.

पुढचा सगळा वेळ मुलांनी काकांचे बूट पाहिले. आवाज मात्र पोचत होता: "अगं आई गं! ... अहो, फुगतंय की हे! ... अरे अरे, पडेल ते!" भट्टीच्या घरघरीत काकांना इकडचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बाई ओरडून ओरडून थकल्या, "काका, वर! मोबाइल वर!" वर्गात एक मुलगा होता, त्याला कुठल्याही गोष्टीचं कारण लागायचं, म्हणून सगळे त्याला 'का-बरं' म्हणायचे. तो ओरडला, "काका, तुमची नाडी सुटलीय!" खाणीवरच्या एकीने काकांच्या बुटांचं चित्र काढलं. छान काढलं होतं, बाई नाही म्हणाल्या नाहीत.

मोठ्या बाईंनी या सहलीचं रेकॉर्डिंग नंतर पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"काका, तुमचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "पण एका कंपनीकडे सगळ्या ठिकाणच्या फिल्म तयार आहेत. हात हलत नाही, बूट दिसत नाहीत, मागे संगीतसुद्धा आहे. मला वाटतं, आपण त्याच घेऊ."

"बाई, एक संधी द्या," भूगोलाच्या बाई मध्ये पडल्या. "घड्याळाच्या मनोऱ्याची सहल ठरलेलीच आहे."

मोठ्या बाईंनी जरा विचार केला. "ठीक आहे. एकच. मी स्वतः बघायला बसेन. जमलं तर सहली चालू ठेवू. नाही जमलं तर फिल्म."

फिल्म म्हणजे काकांच्या वाट्याला पुन्हा खुर्च्या, हे सांगायला नको होतं. पण काकांना खुर्च्यांचं एवढं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच. आजवर आतलं पाहिलं नव्हतं तोवर पार्किंगमध्ये सुखाने बसता येत होतं. आता ते सुख गेलं होतं. मनोऱ्याच्या आत काय असेल, धरणाच्या पोटात काय असेल, छापखान्यात कागद कसा पळत असेल, असं सारखं मनात यायला लागलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना मुलगी, मुलगा, वर्ग, सगळं एकटीनेच व्हायला लावलं. काकू बाहेरच्या खोलीत आपला मोबाइल घेऊन बसल्या आणि काका दुसरा घेऊन घरभर फिरू लागले.

"मुलांनो, हे स्वयंपाकघर."

"ते माहीत आहे मला. लग्न झाल्यापासून मी तिथेच असते."

"अगं, तू मुलगी आहेस आत्ता!"

"बरं. मग गुरुजी, खिडकीवरून एकदम फडताळावर उडी का मारता? गरगरलं मला."

काका हळू वळायला लागले. तेवढ्यात फडताळाच्या वर त्यांना स्वतःचा हरवलेला चष्मा दिसला, आणि हात खाली.

"आता फरशी दिसतेय," बाहेरून आवाज आला. "आणि ती नीट पुसलेली नाही. आज पुसायची पाळी तुमची होती."

काका कपाळाला हात लावून बाहेर येऊन बसले. "नाही जमायचं हे. मी बघायला लागलो की मुलं विसरतो, आणि मुलांचा विचार केला की मला काही दिसत नाही."

"बस चालवताना बरं जमायचं," काकू म्हणाल्या. "रस्त्यावरची नजर हलायची नाही, तरी मागे कोण कुणाची वेणी ओढतंय ते तुम्हाला कळायचं. घरी येऊन सांगायचात मला, नावानिशी."

"तेव्हा आरसा होता."

"मग आता लावा आरसा!"

काकांनी बायकोकडे असं पाहिलं की काकूंनी आपल्या तोंडाला काही लागलंय का म्हणून पदराने गाल पुसला. खरंच की! त्या दिवशी कारखान्यात त्यांना मुलांचे चेहरे दिसतच नव्हते. पाठीमागे मुलं आहेत हे आरशाशिवाय ड्रायव्हरला कसं कळणार? मग काकूंनी जुन्या पिशवीचा पट्टा कापला, त्यात आपला मोबाइल बसवला आणि तो काकांच्या छातीवर असा तिरका टांगला की मान किंचित खाली केली की सगळ्या मुलांच्या चौकटी दिसाव्यात. पहिला मोबाइल रस्ता बघायला, दुसरा मुलं बघायला.

"पाडू नका," काकू म्हणाल्या. "मी तुमच्यासारखी नाही, मला त्याच्यावर बोलायचं असतं."

मनोऱ्याच्या पायथ्याशी पहारेकरी ओळखीचाच होता. "या हळूकाका! आज बस कुठे सोडली? बसा तुमच्या नेहमीच्या जागी, ऊन यायला वेळ आहे. ड्रायव्हर लोकांना वर सोडत नाहीत, माहीत आहे ना?"

"आज मी ड्रायव्हर नाही," काका म्हणाले. "आज मी बस आहे."

पहारेकऱ्याने त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. तोच काकांच्या छातीतून पंधरावीस आवाज एकदम आले, "नमस्कार काकाऽऽ!" पहारेकरी दचकून बाजूला झाला, आणि हाताला सवय म्हणून मागे सरकत हातवारे करू लागला, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे जागा आहे, येऊ द्या!"

जिना गोल आणि अरुंद होता. काकांनी तो घाटासारखा चढवला. प्रत्येक वळणाआधी थांबायचं, सांगायचं आणि मग वळायचं. "वळतोय रे, धरून बसा!" मुलं घरोघरी खुर्च्यांना धरून बसली. का-बरं म्हणाला, "काका, माझ्या खुर्चीलाच चाकं आहेत, मी काय धरू?" मध्येच आरशात एका मुलीचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. काकांनी तिथेच पायरीवर मुक्काम टाकला, तिला पाणी प्यायला लावलं आणि बाकीच्यांना भिंतीतले दगड बघायला सांगितले.

त्या चौकटींमध्ये एक चौकट काळी होती. खाली फक्त 'मुख्याध्यापिका' एवढं लिहिलेलं. वर्गाबाहेर उभं राहून खिडकीतून कानोसा घ्यायची मोठ्या बाईंची सवय जुनीच. आवाज नाही, चेहरा नाही, पण आहेत एवढं सगळ्यांना ठाऊक. भूगोलाच्या बाई त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त शुद्ध बोलत होत्या.

वर घड्याळाची खोली. माणसाहून उंच दातेरी चाकं, लोंबता लंबक, आणि या सगळ्याची देखभाल करणारे घड्याळवाले आजोबा. आजोबांना माणसांशी बोलायची सवय उरली नव्हती. ते एखाद्या चाकाकडे बघून उत्तर द्यायचे. काकांनी मोबाइल वर धरला मात्र, आणि छातीवर दंगा सुरू झाला.

"काका, डावीकडे!"

"ए नाही, आधी वर! वर काय आहे?"

"मोठं चाक! काका, मोठं चाक!"

"सगळ्यांनी आवाज बंद करा!" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. आवाज बंद करायला सांगितलेलं ऐकू यायला आधी आवाज बंद व्हावा लागतो. काका डावीकडे वळले, वर बघितलं, मोठ्या चाकाकडे गेले, परत डावीकडे आले. आरशात दोघांनी डोळे मिटून घेतले होते. काळी चौकट काळीच होती. काकांना त्या काळ्या चौकटीत खुर्च्या दिसू लागल्या.

आणि मग काका भिंतीला टेकून उभे राहिले. बस बंद पडल्यासारखे.

"काका? दिसत का नाही काही?"

"भांडण मिटेपर्यंत बस हलणार नाही," काका म्हणाले.

दंगा जागच्या जागी थांबला. हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला आपोआप वजन आलं होतं.

"हे बघा," काका म्हणाले. "या बसला खिडकी एकच आहे. म्हणून पाळीपाळीने बसायचं. ज्याची पाळी, त्याने सांगायचं कुठे बघायचं ते. मी तिकडे वळेन. बाकीच्यांनी त्याच्या मागून बघायचं आणि त्याला ढकलायचं नाही. बाई, चालेल ना?"

"चालेल की," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाही हायसं वाटलं.

पहिली पाळी का-बरंची. त्याला चाक पुढून नको होतं, मागून हवं होतं. मागून चाकाला जाड दोर होता आणि दोराला भलामोठा दगड. "हा खाली उतरतो, त्याच्या भाराने घड्याळ चालतं," आजोबा चाकाकडे बघत म्हणाले. "तो रोज खाली येतो, मी रोज त्याला वर ओढतो. आमचं दोघांचं असं चाललंय."

"का बरं मोटर लावत नाही?"

आजोबांनी पहिल्यांदाच चाकावरची नजर काढून काकांच्या छातीकडे पाहिलं. "लावली तर मग मी काय करू, बाळा?"

का-बरंला या उत्तरावर पुढचा प्रश्न सुचला नाही. असं यापूर्वी झालं नव्हतं.

असं होता होता छोटीची पाळी आली. छोटी एका बेटावर राहायची. तिचे वडील तिथे हवामानाची नोंद ठेवायचे. आई, वडील आणि ती एवढीच काय ती वस्ती. वर्गात ती क्वचितच बोलायची.

"छोटे, कुठे बघायचं?" काकांनी विचारलं.

"सांग ना लवकर!" कुणीतरी म्हणालं. काकांनी मान खाली करून आरशात पाहिलं. छोटी चाकाकडे बघतच नव्हती. तिची नजर पडद्याच्या एका कोपऱ्यात होती, जिथे घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीत एक लहानशी लाकडी झडप होती आणि तिच्या फटीतून उजेड येत होता.

"तिकडे?"

छोटीने मान हलवली. आजोबा म्हणाले, "काटे पुसायला उघडतो मी ती. बाहेर काही नाही, बाजार आहे नुसता." त्यांनी झडप उघडली.

खाली बाजाराचा रस्ता होता. हातगाड्या, पिशव्या, छत्र्या, डोकी, डोक्यांमागून डोकी.

"एवढी माणसं?" छोटीचा आवाज आला. "सगळी एकमेकांना ओळखतात?"

"छे गं."

"मग बोलतात काय?"

"बोलत नाहीत. नुसते शेजारून जातात."

"अरेरे," छोटी म्हणाली. मग म्हणाली, "ती पिवळी छत्री. काका, ती कुठे चाललीय?"

काकांनी पिवळी छत्री धरली. ती फळांच्या गाडीपाशी थांबली, भाव पटला नसावा, पुढे गेली. मुलं अंदाज बांधू लागली. शिंप्याकडे जाणार. नाही, दवाखान्यात. छत्री गल्लीत वळून नाहीशी झाली तेव्हा सगळ्यांनी एकदम "श्या!" केलं. भूगोलाच्या बाईंनी तेवढ्यात संधी साधली: "बघा हं, सगळे रस्ते या मनोऱ्यापाशीच येऊन मिळतात. आधी घड्याळ आलं असेल की आधी बाजार?" मग जी काही चर्चा झाली ती संगीत लावून झाली नसती. शेवटी आजोबांनी निकाल दिला की आधी बाजार. दुकान कधी बंद करायचं यावरून व्यापारी भांडायला लागले म्हणून घड्याळ.

याच वेळी काकांच्या बाबतीत पुन्हा ते झालं. झडपेतून त्यांना गाव दिसलं. ज्या गावातून त्यांनी जन्मभर बस हाकली, ते सगळं एकदम, वरून. नदीचं वळण असं आहे होय? पुलावरून जाताना कधी कळलं नाही! आणि हात खाली येऊ लागला. पण मान किंचित झुकली तसं त्यांना आरशात दिसलं की सगळी मुलं हळूहळू खाली खाली वाकताहेत, छोटीची तर हनुवटी टेबलाला टेकली होती, मोबाइलच्या मागोमाग. काका हसले. हात वर घेतला. मुलंही वर आली. आणि मग त्यांनी नदीचं वळण मुलांना दाखवलं, आणि मुलांबरोबर स्वतःही पोटभर पाहिलं.

सहल संपली. बाईंनी आभार मानले, आजोबांनी लंबकाकडे बघत सगळ्यांना पुन्हा या म्हणून सांगितलं. "उतरलो, काका!" "मीपण!" करत एकेक चौकट विझू लागली. काकांनी मोबाइल बंद केला नाही. शेवटचं मूल उतरल्याशिवाय त्यांनी आजवर इंजिन बंद केलेलं नव्हतं. सगळ्यात शेवटी छोटी उतरली.

राहिली ती काळी चौकट.

"बाई," काका घसा साफ करत म्हणाले, "तुमचा थांबा आला."

चौकट उजळली. मोठ्या बाईंचा चष्मा कपाळावर चढलेला होता. "मी माझ्या पाळीची वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही!"

"बाई, चेहरा दिसला नाही तर पाळी कशी देणार?"

"हं. चुकलं माझं. आता आहे का बस मोकळी?"

"तुमचीच आहे. कुठे वळू?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आपली शाळा दिसते का हो तिथून?"

काका उजवीकडे वळले, सावकाश. दिसत होती. लाल कौलं, मागचं झाड, पुढचं रिकामं मैदान. "थांबा हं," बाई म्हणाल्या. पडद्यावर जिना हलला, दार कुरकुरलं, बाईंना धाप लागली. आणि काकांना झडपेतून दिसलं, शाळेच्या गच्चीवर एक चिमुकली आकृती येऊन उभी राहिली आणि तिने मोबाइल धरलेला हात उंच करून हलवला. मोठ्या बाईंना हात हलवताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं.

"कान झाका!" मागून आजोबा ओरडले.

घंटेचा टोला पडला. मनोऱ्याची भिंत थरथरली. काकांच्या छातीवरून बाईंचा आवाज आला, लहान मुलीसारखा: "काका! एक टोला मोबाइलमधून आला आणि मग तोच हवेतून आला! दोनदा ऐकू आला! हे मुलांना का नाही ऐकवलं? पुढच्या वेळी आधी टोल्याची वेळ बघून निघत जा!"

काकांनी कानावरचा मोकळा हात काढला. "बाई, पुढच्या वेळी म्हणालात?"

"म्हणाले. धरणावर जायचं म्हणत होत्या ना भूगोलाच्या बाई? त्या कंपनीला मी नाही म्हणून कळवते. त्यांच्या फिल्ममध्ये ती पिवळी छत्री कुठे मिळणार? का, तुम्हाला नको आहे?"

"नको कसं!" काका म्हणाले. त्यांना अजून बरंच काही म्हणायचं होतं, पण बाई बोलता बोलता गच्चीच्या कडेपर्यंत आल्या होत्या. "पण बाई, आधी तुम्ही दोन पावलं मागे या. वळायचं नाही, तशाच मागे या. त्या बाजूचा कठडा बुटका आहे."

बाई मागे आल्या. सावकाश.